कोतवालीत इंग्रजी कर्मणी प्रयोग शिकविला त्याची हकीकत

श्री. अक्षर ज्याने प्रथम रेखिले त्यास नमन, आणि चुकले अक्षर ज्याने खोडून पुन्हा लिहू दिले त्यास दोन वेळा नमन. शके सतराशे एक्कावन्न, विरोधी नाम संवत्सर, ते साली घाटमाथ्यावरील एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही.

त्या राज्याचा कारभार आईसाहेब पाहत होत्या, आणि टोपीकर इंग्रजांशी नवा तह होऊन एक वर्ष लोटले होते, आणि तहात कलम ऐसे होते की ज्या कैद्यास देहांत शिक्षा ठरेल त्याची हकीकत इंग्रजीत लिहून इंग्रजांच्या वकिलाकडे पाठवावी, आणि ती पोहोचून आठ रोज झाल्याखेरीज शिक्षा अमलात आणू नये. पूर्वी हे काम एक दुभाषी करीत असे, तो ज्वराने वारला, मग सारा दरबार मुका जाहला. तेव्हा आईसाहेबी आज्ञा केली की परक्याची जीभ किती दिवस उसनी आणावी, आपलेच कारकून तयार करावे. मग कोकणपट्टीतून एलोजी सुभेदार बोलाविले. हे बेने इस्राएल लोकांपैकी, ज्यांस कोकणात शनवार तेली म्हणतात, आणि कंपनीच्या पलटणीत पंचवीस वर्षे चाकरी करून, अखेरीस पलटणीच्या शाळेत मास्तरकी करून घरी बसले होते. उंच, सडपातळ, पांढऱ्या गलमिशा, एका पायाने किंचित लंगडत. ते आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले की शनवारी शिकविणार नाही, बाकी सहा दिवस सोडणार नाही. ती अट मान्य होऊन कोतवालीच्या पडवीत शाळा सुरू जाहली.

शागीर्द चार. तिघे तरणे, आणि चौथे गिरमाजी अनंत, वय बावन्न, तीस वर्षे कोतवालीचे कारकून. यांचे मोडी अक्षर ऐसे की वेगाने लिहिले तरी मोत्याचा सर ओघळावा. राज्यात जो कोणी कैद जाहला, हद्दपार जाहला, फासावर गेला, त्याचा कागद यांच्याच हातचा. इंग्रजीत मात्र यांची दशा कठीण. सुभेदारांकडे पलटणीचे एक पुस्तक होते, त्यात मांजर चटईवर बसते, राजा बागेत हिंडतो, ऐसी वाक्ये, ती तिघांस झटकन येत आणि गिरमाजीपंतांस मांजर आले तर चटई जाई. एक महिना ऐसा गेला. पंत घरी जाऊन जेवत नसत, आणि मनात म्हणत की या वयात अब्रू जाण्याची ही एक नवी तऱ्हा निघाली. शेवटी सुभेदारांनी ते पुस्तक मिटले आणि विचारिले, "पंत, तुम्हांस रोज दिवसभर काय दिसते?" पंत म्हणाले की चोर दिसतो, बेडी दिसते, मारामारी, खून, कैद, फाशी, दुसरे काही दिसत नाही. सुभेदार म्हणाले की मग तेच शिकू, मांजर राहू द्या.

आणि त्या दिवसापासून पडवीत गुन्हे आणि शिक्षा यांखेरीज बोलणे नाही. स्टील, स्टोल, स्टोलन, म्हणजे चोरणे. कॅच, कॉट, कॉट, म्हणजे धरणे. ऐसी तीन तीन रूपे चौघे घोकीत, आणि बाहेर बसलेले पहारेकरीही घोकू लागले. पंतांची जीभ सुटली. मग सुभेदार कर्मणी प्रयोगावर आले. ते सांगते जाहले की आपण म्हणतो शिपायाने चोर धरला. इंग्रज म्हणतो द गार्ड कॉट द थीफ, तेथे शिपाई पुढे बसतो, चोर मागे. आता चोरास पुढे आणा, द थीफ वाज कॉट, चोर धरला गेला. शिपाई कोठे गेला? तो बाय या शब्दाच्या मागे जाऊन उभा राहिला, बाय द गार्ड. कोकणात पोरीबाळींस बाय म्हणतात, तेव्हा एक कारकून हसून म्हणाला की ही बाय मोठी दिसते, शिपायास पाठीशी घालते. सुभेदारही हसले, आणि म्हणाले की खरी गंमत पुढेच आहे, या बायेस शिपायासकट काढून टाकले तरी वाक्य पडत नाही, उभेच राहते. काम जाहले एवढे दिसते, करणारा दिसत नाही. म्हणून सरकारी कागदास हा प्रयोग फार आवडतो आणि म्हणूनच तो सांभाळून वापरावा.

मग त्यांनी एक खेळ केला. एका पहारेकऱ्यास सांगितले की पंतांची पगडी उचलून ने, आणि त्याने सर्वांदेखत नेली. सुभेदारांनी विचारिले, चौघांनी उत्तर दिले, पगडी वाज स्टोलन बाय द गार्ड. बरोबर म्हणाले. मग पगडी परत ठेवविली आणि चौघांस भिंतीकडे तोंड करून बसविले. घटकाभराने वळावयास सांगितले तो पगडी नाही, आणि पहारेकरी दाराशी गालात हसत उभा. चौघांनी पाटीवर लिहिले, बाय द गार्ड. सुभेदारांनी चारी पाट्यांवरील ते शब्द बोटाने पुसले आणि आपल्या अंगरख्यातून पगडी काढून पंतांच्या हाती दिली. म्हणाले, "डोळ्यांनी पाहिले नाही तोवर बायच्या पुढे नाव लिहू नये. जागा मोकळी राहिली तर राहू द्यावी. मोकळ्या जागेने कोणी मरत नाही." पंतांनी पगडी डोईवर ठेविली आणि सर्वांबरोबर हसले, परंतु त्या दिवशी घरी जाताना त्यांची पावले सावकाश पडत होती.

पुढे भाद्रपदात ऐसे वर्तमान जाहले. दरबारची थैली घेऊन भिवा आणि धोंडी ही टपाल नेणाऱ्या जासुदांची जोडी घाटाखाली निघाली होती. पाऊस झड लावून होता. दुसरे दिवशी भिवा एकटा परत आला, आणि धोंडीचे प्रेत घाटाखालील ओढ्यात मिळाले, थैली नाही. थैलीत तहासंबंधी कागद होते, सबब दरबारात मोठी धास्ती पडली की ते कोणाच्या हाती गेले. कोतवाल हैबतराव यांजवर ताशेरा आला की घाटरस्ता यांच्याकडे असता ऐसे कैसे होते. त्यांणी भिवास धरिले, तीन रोजांत कबुली घेतली, आणि फाशी ठरली. गिरमाजीपंतांनी कागद तयार केला, जैसे तीस वर्षे केले तैसा. धोंडी मारला गेला, थैली चोरली गेली, भिवा घाटमाथ्यावरील दरीपाशी एकटा पाहिला गेला, कबुली खुषीने दिली गेली. चार ओळी, अक्षर सुरेख. मग हैबतरावांनी आज्ञा केली की आता हेच इंग्रजीत करा, तुमचे शिक्षण एवढ्यासाठीच चालले आहे, आणि सोमवारी स्वार वकिलाकडे गेला पाहिजे.

शुक्रवारी पंत तो कागद घेऊन सुभेदारांपाशी बसले. मन प्रसन्न होते, कारण चारी ओळी कर्मणी, आणि रूपे सारी तोंडपाठ. धोंडी वाज किल्ड, ऐसे लिहिले आणि वर पाहिले. सुभेदारांनी शब्द तपासला, ठीक म्हणाले, आणि सहज विचारिले की बाय लिहायचे का? पंत म्हणाले, लिहायचे, भिवा. सुभेदार म्हणाले, कोणी पाहिले? पंत म्हणाले की पाहिले कोणी नाही, पण तिसरी ओळ आहे ना, तो दरीपाशी पाहिला गेला. सुभेदारांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेविले आणि पुन्हा तेच विचारिले, कोणी? कागद त्यांचाच, अक्षर त्यांचेच, आणि उत्तर त्यांना ठाऊक नव्हते. सुभेदारांनी कागद परत दिला. म्हणाले की उद्या शनवार, शाळा नाही, तुम्हांस वेळ आहे.

शनवारी पंत छत्री घेऊन घाटनाक्यावर गेले, पायी दोन कोस. नाकेदारास विचारिले की भिवास दरीपाशी तू पाहिलेस काय. तो म्हणाला, मी कशाचा पाहतो, धुक्यात मला माझे नाके दिसत नव्हते; कोतवालीच्या शिपायाने सांगितले म्हणून मी हो म्हटले. पंत परत आले आणि शिपायास गाठले. तो म्हणाला की मी तरी कोठे पाहिले, कोतवालसाहेबांनी सांगितले. मग पंत हिय्या करून हैबतरावांकडे गेले आणि नम्रतेने पुसले की इंग्रजी वाक्यास करणाऱ्याचे नाव लागते, तर भिवास दरीपाशी कोणी पाहिले ऐसे लिहू? हैबतराव पान लावीत होते, ते वर न पाहता म्हणाले, "कागदात आहे की. तुम्हीच लिहिलेत, पंत." आणि पंतांस समजले की आपण दिवसभर ज्याचा माग काढीत गेलो तो माग फिरून आपल्याच दौतीपाशी आला.

तेथून ते कैदखान्यात गेले. भिवा भिंतीशी बसला होता, हातांचे तळवे सुजलेले, आणि पंतांस पाहून उठू लागला तो उठवेना. पंतांनी विचारिले की त्या दिवशी काय घडले ते सांग. भिवा म्हणाला, "पंत, वाट खचली व्हती. धोंडी म्होरं व्हता, थैली त्याच्याकडं. धुकं आलं आन् तो दिसंना. मी कड्यावर बसून हाका मारल्या, गळा बसंस्तवर मारल्या. हे मी पयल्याच दिशी सांगितलं. तुमी लिवलं न्हाई." पंत म्हणाले, "मजकडून लिहिले गेले नाही." आणि हे शब्द तोंडातून पडताच त्यांच्या कानांस ते चटका लागावा तैसे लागले, कारण महिनाभर ते हेच तर शिकत होते. भिवास व्याकरण काय ठाऊक. मग पंत त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "मी लिहिले नाही. कोतवाल तुला मारीत होते ते शेजारच्या खोलीच्या दारातून मी पाहिले, आणि खुषीने हा शब्द मी लिहिला." भिवाने विचारिले की माझ्या घरी कोणी सांगितलं का. पंतांनी नकारार्थी मान हलविली, आणि तेथून उठून त्याच्या वाडीवर गेले, आणि त्याची बायको सगुणा हिला सांगितले की तो जिवंत आहे, आणि अजून फाशी जाहली नाही. तिने फक्त विचारिले की अजून म्हंजी किती.

रविवारी सकाळी त्यांणी इंग्रजी कागद नव्याने लिहिला आणि सुभेदारांपुढे ठेविला. धोंडी वाज फाउंड डेड, म्हणजे धोंडी मृत सापडला, पुढे जागा मोकळी. भिवा वाज नॉट सीन बाय एनी मॅन, म्हणजे भिवास कोणी पाहिले नाही. भिवा वाज बीटन बाय द कोतवाल, भिवास कोतवालाने मारिले. आणि शेवटी, द कन्फेशन वाज रिटन बाय गिरमाजी अनंत, कबुली गिरमाजी अनंताने लिहिली. सुभेदारांनी वाचले, एक चूक दुरुस्त केली, आणि मग लेखणी खाली ठेवून म्हणाले, "पंत, रचना शुद्ध आहे. पण या बायच्या पुढे तुमचे नाव आहे. नको असेल तर आता काढा. वाक्य तरीही उभे राहील, मी तुम्हांस तसेच शिकविले आहे." पंतांस आपली पत्नी आठवली, तीस वर्षांची चाकरी आठवली, आणि भीतीही वाटली, ते त्यांणी पुढे कोणापासून लपविले नाही. मग म्हणाले की भिवाचे नाव मी न पाहता घातले होते, हे तर माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, हे राहू द्या.

आता हा कागद परभारे वकिलाकडे गेला तर राज्याची नाचक्की, ऐसे जाणून पंत तो घेऊन आईसाहेबांच्या दरबारात गेले, आणि सुभेदार लंगडत मागे गेले. हैबतराव तेथे होतेच. आईसाहेबी आज्ञा केली, वाचा. पंतांनी इंग्रजी ओळ वाचावी आणि मराठीत अर्थ सांगावा, ऐसे चालले, आणि आपल्या नावापाशी आले तेव्हाही थांबले नाहीत. हैबतराव म्हणाले की म्हातारपणी शिकण्याने डोके फिरले, आणि परमुलखातला मास्तर काय शिकवील त्याचा भरवसा काय. आईसाहेबी सुभेदारांस पुसले की तुम्ही यांस काय शिकविले. सुभेदारांनी हात जोडून विनंती केली की मी फक्त क्रियापदाची तीन रूपे शिकविली, हा कागद यांचा. आईसाहेब हैबतरावांकडे वळून म्हणाल्या, "भिवास दरीपाशी पाहणारा एक माणूस आणा. एकच आणा." हैबतरावांस एकही आणता आला नाही. मग आज्ञा जाहली की भिवाची बेडी काढावी, तो दाखवील त्या जागी दोर सोडून कडा शोधावा, आणि पंतांनी जातीने हजर राहावे.

मंगळवारी पाऊस उघडला. भिवास डोलीत घालून घाटावर नेले, आणि त्याने जागा दाखविली, तेथे वाटेची कड खरोखर खचलेली होती. कातकरी लोक कमरेस दोर बांधून खाली उतरले. दोन प्रहरपर्यंत काही नाही. पंत कड्याशी उभे, आणि भिवा दगडावर बसून खालच्या माणसांस सांगत होता, डावीकडं, अजून डावीकडं. मग खालून हाक आली. कड्याच्या मध्यावर करवंदीची जाळी होती, तीत थैली अडकली होती, आणि वर ओढून पाहिली तो भिजलेली, परंतु लाखेची मुद्रा जशीच्या तशी, फुटली नव्हती. चोर असता तर थैली तेथे टाकता ना, आणि मुद्रा राहू देता ना. जाळीच्या वर एका मुळाशी धोंडीच्या वहाणेचा तुटका अंगठा होता. भिवाने तो हातात घेतला आणि मोठ्याने रडला. इतके दिवस आपल्या मरणाच्या घाईत त्यास मित्राचे मरण रडावयास सवड मिळाली नव्हती.

मग वकिलाकडे जावयाची हकीकत तिसऱ्या खेपेस लिहिली. पंतांनी सवयीने लिहिले, धोंडी वाज फॉलन. सुभेदारांनी वाज खोडले आणि सांगितले, "पंत, पडणे हे क्रियापद ऐसे उलटे होत नाही. पडणारा आपण पडतो, त्यास कोणी पाडीत नाही. इथे बाय नाही, आणि बायच्या मागे लपलेला कोणी नाही." पंतांनी लिहिले, धोंडी फेल, म्हणजे धोंडी पडला. दोन शब्द. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, ते कागदावर पडू नये म्हणून त्यांणी तोंड फिरविले. शुक्रवारी याच दोन शब्दांच्या जागी एका माणसाचा फास होता.

भिवा सुटला. हैबतरावांकडून कोतवाली काढिली. गिरमाजीपंतांनी आईसाहेबांपुढे आपल्यास शिक्षा मागितली, आणि आईसाहेबी ती दिली, ती ऐसी की पंतांनी यापुढे कोतवालीचा एकही कागद लिहू नये; रोज सकाळी कैदखान्यात जावे, आणि ज्या कैद्याचा जो कागद असेल तो त्यास त्याच्या बोलीत वाचून दाखवावा, आणि तो जे म्हणेल ते समासात लिहावे, मगच कागद पुढे जावा. पंत म्हणाले की ही शिक्षा मला जन्मभर पुरो.

चवथे रोजी भिवा आणि सगुणा पंतांच्या दाराशी आली. सगुणेने नाचणीच्या भाकरी आणि करवंदांचे लोणचे फडक्यात बांधून आणिले होते, एक पुडके पंतांस, एक सुभेदारांस. भिवा पाया पडू लागला, तो पंतांनी त्याचे खांदे धरून त्यास उभे केले आणि म्हणाले की मी सोडविले ऐसे म्हणू नकोस, अडकविणाराही मीच. भिवा म्हणाला, "दोनी तुमीच केलं, पंत. एकाचा राग हाये, तो जाईल तवा जाईल. एकासाठी हात जोडतो." आणि हात जोडिले, तळव्यांची सूज अजून उतरली नव्हती. पंतांनी तो नमस्कार घेतला, आणि रागही घेतला. मग भिवा म्हणाला की आता माझी गोष्ट पयल्यापास्नं लिवा, धोंडीचीबी लिवा. तेव्हा पडवीत बसून पंतांनी ती लिहिली, भिवा सांगत गेला आणि सगुणा जेथे तो विसरला तेथे सांगत गेली, आणि संध्याकाळपर्यंत ते चालले.

सुभेदार दोन वर्षे राहिले. पुढे गुडघ्याने फार छळले, आणि घरी नातवंडे वाट पाहत होती, सबब त्यांणी रजा मागितली. दरबाराने पोशाख दिला, आणि दफ्तरातून एक शिफारसपत्र तयार करविले, त्यात लिहिले होते की कोतवालीच्या कारकुनांस इंग्रजी भाषा चांगल्या रीतीने शिकविली गेली. गिरमाजीपंतांनी ते वाचिले आणि आईसाहेबांस विनंती केली की कोतवालीचा कागद लिहिण्याची मला मनाई आहे, परंतु हा कोतवालीचा नव्हे, हा मला लिहू द्यावा. आज्ञा जाहली. पंतांनी इंग्रजीत एकच ओळ लिहिली, सुभेदार एलोजी टॉट मी, म्हणजे सुभेदार एलोजींनी मला शिकविले, आणि खाली सही केली. घाटनाक्यापर्यंत पोहोचवावयास गेले तेव्हा तो कागद हाती दिला. सुभेदारांनी चष्मा लावून पाहिला. टॉट या शब्दात दोन अक्षरे कानास ऐकू येत नाहीत, ती पंतांनी लिहिलीच नव्हती. पंतांनी विचारिले, काही चुकले का? सुभेदारांनी कागदाची घडी केली, ती पोशाखात न ठेवता छातीशी अंगरख्यात ठेविली, आणि म्हणाले, "काही नाही, पंत. हे वाक्य कधी उलटे करू नका." मग डोलीत बसले आणि घाट उतरू लागले, आणि वळणाआड जाईपर्यंत पंत उभे होते.

एवंच तात्पर्य हेच की गिरमाजी अनंतांनी पुढे एकवीस वर्षे कैद्यांस कागद वाचून दाखविले, त्या काळात नऊ माणसे समासातल्या ओळीवरून सुटली, आणि पंतांचे शुद्धलेखन अखेरपर्यंत कच्चेच राहिले. त्या नऊंपैकी एक प्रस्तुत लेखक. इति.